भोंगा बदलण्याआधी

साखर कारखान्यांचा हंगाम संपत आला की मार्च-एप्रिलमध्ये ऊसतोडीच्या टोळ्या बीड जिल्ह्यात परततात आणि आष्टी-पाटोद्यापासून परळी-अंबाजोगाईपर्यंत लग्नसराईला जोर चढतो. वरातीपुढे एखादा छोटा हत्ती नाहीतर पिकअप पावलापावलानं सरकत असतो. टपावर भोंगे, हौद्यात जनरेटर, मशीन म्हणजे अँप्लिफायर आणि स्पीकरचे दोन-चार डबे, आणि या सगळ्याच्या मधे मांडी घालून बसलेला बेंजोवाला. या बेंजोचा अमेरिकेतल्या कातडी मढवलेल्या बँजोशी नावापुरताच संबंध. जपानमधल्या नागोयात गोरो मोरिता यांनी १९१२ साली तारांवर टंकलेखन यंत्रासारखी बटणं बसवून तैशोगोतो नावाचं वाद्य केलं. आपल्याकडे त्याचं बुलबुल तरंग झालं, आणि तारांखाली त्यांची थरथर टिपणारा पिकअप बसल्यावर ते मिरवणुकीत उतरलं. पिकअप बसला त्या दिवशी एक गोष्ट कायमची बदलली. आता तारा छेडल्या तरी मशीन बंद असेल तर चार हातांवर काही ऐकू येत नाही. वाद्याचं पोट आता लाकडाचं राहिलं नाही, ते टपावरच्या भोंग्यात आणि हौद्यातल्या डब्यात गेलं. इलेक्ट्रिक गिटारचंही नेमकं हेच झालेलं आहे. म्हणून गिटारवाल्यांनी स्पीकर बदलण्याबद्दल आणि तो ठेवण्याच्या जागेबद्दल जे शिकून ठेवलंय, ते बेंजोवाल्यालाही जसंच्या तसं उपयोगी पडतं. या पुस्तिकेचा जन्म त्या सारखेपणातून झाला आहे, आणि तिच्यात सांगितलेली गोष्ट तशी एकच आहे: आवाज बिघडला की आपण आधी स्पीकर बदलतो आणि जागेकडे शेवटी पाहतो, किंवा पाहतच नाही, हा क्रम उलटा हवा.

असं म्हणताना स्पीकरला कमी लेखायचं नाही. आज वापरतो त्या जातीचा, म्हणजे चुंबकाच्या फटीत तारेची कॉइल आणि तिला चिकटवलेला कागदी कोन असलेला स्पीकर, अमेरिकेत राइस आणि केलॉग या अभियंत्यांनी १९२५ मध्ये जगापुढे मांडला. तेव्हापासून रेडिओच्या स्पीकरकडून अपेक्षा एकच, की त्यानं स्वतःचं काही मिसळू नये. गिटारच्या स्पीकरकडून मात्र बरोबर उलटी अपेक्षा असते. बारा इंची गिटार स्पीकर साधारण ५००० हर्ट्झच्या पुढे झपाट्यानं मान टाकतो, त्याचा कोन जोरात वाजवल्यावर जागोजागी वेगवेगळा थरथरतो, आणि या 'दोषां'वरच गिटारवाल्यांचा जीव असतो. सेलेस्चन कंपनीचा १९६०च्या दशकातला ग्रीनबॅक आणि त्याच कंपनीनं १९८६ मध्ये आणलेला व्हिंटेज ३० हे एकाच डब्यात आलटून पालटून बसवले तर तेच बोट, तीच तार आणि तेच मशीन असूनही वाद्य बदलल्यासारखं वाटतं. ग्रीनबॅकची संवेदनक्षमता, म्हणजे तेवढ्याच वॅटवर तो किती मोठा वाजतो तो आकडा, ९८ डेसिबल, व्हिंटेज ३०ची १००. फरक २ डेसिबलचाच दिसतो, पण तो मशीनच्या ताकदीनं भरून काढायचा तर दीडपटीहून जास्त वॅट लागतात. ३ डेसिबलचा फरक असेल तर थेट दुप्पट. तेव्हा स्पीकर बदलल्यानं काही होत नाही असं म्हणणारा माणूस एक तर बहिरा किंवा फार शिकलेला असावा. बेंजोच्या बाबतीत तर हे आणखी खरं आहे. भोंगा खालच्या पट्टीतलं जवळजवळ काही देत नाही, पण मधल्या आणि वरच्या मधल्या पट्टीत तो असा काही उसळतो की ढोल-ताशाच्या गदारोळातूनही नखीचा टणत्कार वर निघतो. भोंग्याचं युनिट बदललं आणि त्याची उसळी थोडी खाली सरकली, तर तोच बेंजो नाकातून गाणं सोडून घशातून गायला लागतो.

मग जागेचा आग्रह कशासाठी? बसणाऱ्याच्या कानापासून सुरुवात करू. बेंजोवाला हौद्यात, भोंग्यांच्या मागे किंवा खाली बसतो. भोंग्याची तोंडं पुढे, नाचणाऱ्यांकडे. ध्वनीची वागणूक अशी, की लहरीची लांबी स्पीकरच्या तोंडापेक्षा बरीच मोठी असेल तर तो सगळीकडे पसरतो आणि लहान असेल तर झोतासारखा सरळ जातो. १०० हर्ट्झची लहर सुमारे ३.४ मीटर, १००० हर्ट्झची ३४ सेंटिमीटर, ३००० हर्ट्झची अकरा-साडेअकरा सेंटिमीटर. बारा इंची स्पीकरचा प्रत्यक्ष हलणारा कोन पाव मीटरच्या आसपास असतो. म्हणजे १३०० हर्ट्झच्या पुढचा सगळा तिखटपणा तो समोर फेकतो आणि बाजूला-मागे उरतो तो गुबगुबीत अर्क. आता बसल्या जागी बेंजोवाल्याला काय ऐकू येतं? बोथट, घुमणारा, धार नसलेला आवाज. तो साहजिकच मशीनवरचं ट्रेबलचं बटण फिरवतो, आणखी फिरवतो, आणि त्याच्या कानाला बरं वाटेपर्यंत समोरच्या माणसांच्या कानात सुया टोचायला लागलेल्या असतात. घरी परतल्यावर तक्रार येते की आवाज फार कर्कश होता. दुसऱ्या दिवशी युनिट बदललं जातं. नव्या युनिटच्या मागेही तोच माणूस त्याच जागी बसतो, तोच बोथट आवाज ऐकतो आणि तेच बटण फिरवतो.

गिटारवाल्यांची ही जुनी व्यथा आहे. जमिनीवरचा डबा त्यांच्या गुडघ्यांना आवाज ऐकवतो, कानाला नाही. त्यामुळे वाजवणाऱ्याला मंद आणि पहिल्या रांगेला भोसकणारं असं दोन तऱ्हांचं गाणं एकाच वेळी चालू राहतं. फेंडर कंपनीनं १९६०च्या दशकात आपल्या काही मोठ्या अँप्लिफायरना बाजूला दोन लोखंडी पाय दिले, ते मागे ओढले की डबा आकाशाकडे तोंड करून रेलतो आणि झोत वाजवणाऱ्याच्या कानावर येतो. स्पीकर तोच, मशीन तेच, खर्च दोन सळ्यांचा. बेंजोच्या गाडीवर हेच करायचं तर टपावरच्या भोंग्यांपैकी एक लहान भोंगा किंवा छोटा डबा कमी आवाजात वाजवणाऱ्याकडे वळवावा, की तो समोरच्या लोकांना जे मिळतंय तेच ऐकून बटणं लावील. आणि मुख्य भोंगे जवळच्या नाचणाऱ्यांच्या छातीवर न रोखता त्यांच्या डोक्यावरून, लांबच्या माणसाच्या दिशेनं धरावेत. अंतर दुप्पट झालं की उघड्यावर आवाज ६ डेसिबलनं उतरतो. १ मीटरवर ११० डेसिबल असेल तर १६ मीटरवर ८६ उरतात. भोंगा उंच आणि लांबवर रोखलेला असला की जवळचा माणूस झोताच्या कडेबाहेर येतो आणि दूरचा मध्यात. दोघांना मिळणारा आवाज एकमेकांच्या जवळ येतो. नुसत्या ताकदीनं हे साधत नाही, कारण मशीन वाढवलं की जवळच्याचं आणि दूरच्याचं सारखंच वाढतं.

डब्यांचं गणित भोंग्यांपेक्षा वेगळं आहे, आणि मला वाटतं सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. खर्जाची लहर लांब असल्यामुळे ती मागे वळते, भिंतीवर आदळते आणि परत येऊन मूळ लहरीला भेटते. डबा दगडी भिंतीला टेकवला तर परतलेली लहर मूळ लहरीबरोबर पावलं टाकते आणि खर्ज ६ डेसिबलपर्यंत चढू शकतो. तेवढं मशीनकडून हवं असेल तर चौपट वॅट मोजावे लागतील. तोच डबा भिंतीपासून मीटरभर पुढे ओढला तर भिंतीकडे जाऊन परतायला २ मीटर जास्त लागतात, आणि ८५ हर्ट्झच्या आसपासची लहर, जिची लांबी ४ मीटर आहे, ती उलट्या पावलानं परत येऊन स्वतःलाच पुसते. ढोलाचा दम नेमका त्याच मुलखात असतो. मंडपात 'डब्यात बेस नाही' म्हणून पंधरा इंची स्पीकरच्या जागी अठरा इंची आणायचा बेत चालू असतो, तेव्हा डबा दोन हात मागे सरकवून पाहिला तर बेत बारगळण्याची शक्यता बरीच असते. पाठ उघडी असलेल्या डब्याचं तर विचारूच नका. त्याचा मागचा आवाज पुढच्याच्या उलटा असतो, तेव्हा मागे काय आहे, ताडपत्री, भिंत की मोकळं शिवार, यावर त्याचा सूर ठरतो.

भोंग्यांची गर्दी हा आणखी एक प्रकार. दोन भोंगे शेजारी शेजारी बांधले आणि ऐकणाऱ्यापासून एक दुसऱ्यापेक्षा १७ सेंटिमीटर लांब असला तर १००० हर्ट्झचा स्वर दोघांच्या भांडणात मरतो, २०००चा फुगतो, ३०००चा पुन्हा मरतो. माणूस दोन पावलं सरकला की मरणारे स्वर बदलतात. वरातीच्या कडेनं चालताना बेंजो मधूनच भोवऱ्यासारखा फिरल्याचा भास होतो तो यामुळे. भोंगे जवळजवळ एकाच जागी पण तोंडं वेगवेगळ्या दिशांना, अशी बांधणी केली की प्रत्येक माणसाच्या वाट्याला मुख्यतः एकच भोंगा येतो. सप्ताहाच्या मंडपात वापरतात तो कॉलमही याच नियमाचा आहे. एकावर एक ठेवलेले स्पीकर उभ्या दिशेत झोत आवळतात आणि आडव्या दिशेत पसरट ठेवतात, म्हणून कॉलम उभा बांधायचा. बांबूला सोयीचा पडतो म्हणून तो आडवा बांधला तर आवाज मधल्या पट्ट्याला मिळतो, छताला मिळतो, आणि कडेला बसलेल्या बायकांना कीर्तनातला शब्द कळत नाही. मग कॉलम 'फेकत नाही' असा निकाल लागून तो दुकानात परत जातो.

इथे अनुभवी माणूस पहिली हरकत घेईल, आणि ती रास्त आहे: स्पीकर बदलल्यावर फरक पडलेला आम्ही शेकडो वेळा ऐकलाय, तो काय भास होता? भास नव्हता, पण ऐकलेला फरक कशाचा होता हे ठरवायला त्या वेळी कोणी थांबलं नव्हतं. स्पीकर बदलायला डबा उतरवावा लागतो. काम झाल्यावर तो पुन्हा चढतो तेव्हा दोन बोटं इकडे किंवा तिकडे, थोडा तिरपा, कधी दुसऱ्याच कोपऱ्यात. म्हणजे बदल एक केला असं वाटतं आणि दोन झालेले असतात. त्यात नव्या स्पीकरची संवेदनक्षमता जास्त असेल तर तो तेवढ्याच बटणावर मोठा वाजतो, आणि कान मोठ्या आवाजाला भरदार समजतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवून दिलं होतं की पातळी वाढली की खर्ज कानाला प्रमाणाबाहेर जास्त जाणवतो. जुना आवाज नेमका कसा होता ही आठवण तर चहा होईपर्यंतसुद्धा टिकत नाही. आणि कधी कधी उलटा प्रकार होतो. दोन स्पीकरच्या डब्यात एकाची तार उलटी जोडली गेली की एकाचा कोन बाहेर येताना दुसऱ्याचा आत जातो आणि खर्ज गायब होतो. नवा, महागडा स्पीकर 'हलका निघाला' म्हणून बदनाम होतो तो बहुधा या उलट्या तारेपायी. दीड व्होल्टचा सेल टोकांना क्षणभर लावून दोन्ही कोन एकाच दिशेनं हलतात का एवढं पाहिलं की ही शंका मिटते. ओहमचंही भान ठेवावं लागतं. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले तर मशीनला ४ दिसतात, एकापुढे एक जोडले तर १६. मशीनवर लिहिलंय त्यापेक्षा खाली गेलं की आधी गरम, मग धूर.

दुसरी हरकत मिरवणुकीची आहे. मंडपात जागा असते हे ठीक, पण गाडी तर हलती. आता गल्लीत, घटकेनं वेशीबाहेर, मग जागेचा विचार कशाच्या आधारावर करायचा? ही हरकत अर्धी बरोबर आहे. गल्लीच्या भिंती आपल्या हातात नाहीत. पण टपाची उंची, भोंग्याचा कल, दोन भोंग्यांमधलं अंतर, डबा हौद्याच्या पत्र्याला टेकलाय की अधांतरी आहे आणि वाजवणारा कुठे बसलाय, ही सगळी गाडीबरोबर प्रवास करणारी जागा आहे आणि ती सकाळी एकदाच ठरते. जे बदलतं त्याचाही काही अंदाज बांधता येतो. एप्रिल-मेच्या दुपारी बीडची जमीन तापलेली असते, जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गरम असते, आणि गरम हवेत ध्वनी जास्त वेगानं जातो: २० अंशांना सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, ४० अंशांना ३५५. खालची बाजू वेगानं धावल्यामुळे लहर वर वळते आणि थोड्या अंतरावर आवाज अचानक विझल्यासारखा होतो. रात्री जमीन निवते, थर उलटे होतात, लहर खाली वाकते आणि बालाघाटाच्या माथ्यावरच्या वाडीतला बेंजो खालच्या गावात ऐकू येतो. दुपारी 'पोचत नाही' म्हणून चढवलेलं मशीन सूर्य मावळल्यावर तसंच राहतं, आणि ज्या घरात कोणी आजारी किंवा अभ्यासाला बसलेलं असतं तिथून भांडण सुरू होतं.

यावर उत्तर येतं की मोठा आवाज हीच लग्नाची शान आहे, भोंगे मोजले जातात, डब्यांची भिंत उभी राहिली पाहिजे, आणि गिऱ्हाईक तेच मागतं. गिऱ्हाईक मागतं हे मान्य. पण ते आवाज मागतं की भिंत, हे एकदा त्यालाच विचारायला हवं. दिसायला भिंत हवी असेल तर सगळेच डबे वाजते असावेत असा काही नियम नाही. मोठमोठ्या रॉक गटांच्या मागे मुके डबे रचण्याची रीत जुनी आहे. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम मात्र मोजमापावर चालतात. रात्री १० ते सकाळी ६ भोंगा बंद. इतर वेळी सार्वजनिक जागेच्या हद्दीवर त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबल जास्त किंवा ७५ डेसिबल, यातलं जे कमी ते. निवासी भागाची दिवसाची मर्यादा ५५ आहे, म्हणजे हद्दीवर ६५. नाचणाऱ्यांना भरपूर आणि हद्दीवर ६५, या दोन्ही अटी एकाच वेळी पाळायच्या तर चांगला स्पीकर काही करू शकत नाही; तो दोन्हीकडे सारखाच चांगला वाजेल. झोत कुठे वळवायचा आणि कुठे अडवायचा हे जागाच करू शकते. हौद्यात बसलेल्या पोरांच्या कानांचा हिशेब तर याहून कडक आहे. ८५ डेसिबलला आठ तास आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा असा कानाच्या सुरक्षिततेचा ठोकताळा आहे, त्यानं १०० डेसिबलला पंधरा मिनिटं येतात. वरात पंधरा मिनिटांत संपल्याचं कोणी ऐकलंय का?

एक हरकत मला सगळ्यांत जड वाटते. भोंग्याचा कर्कशपणा हाच बेंजोचा बाज आहे, तो घालवून तुम्ही बेंजोला दिवाणखान्यातला करणार का? नाही, आणि म्हणूनच या पुस्तिकेत भोंगे काढून गुळगुळीत, सगळ्या पट्ट्या सारख्या देणारे महागडे बॉक्स लावण्याचा सल्ला कुठेही नाही. गिटारला असा बॉक्स लावला की ती मधमाशीसारखी गुणगुणते हे गिटारवाल्यांना ठाऊक आहे. त्यांनी पाच हजार हर्ट्झवर मान टाकणारा स्पीकर सोडला नाही, आणि बेंजोवाल्यानंही भोंगा सोडू नये. भोंग्याच्या नाकातल्या सुराला हलगी आणि ताशाच्या मधून वाट काढायची असते, आणि ती वाट त्यानं कित्येक लग्नसराया काढलेली आहे. पण बाज राखायचा असेल तर तो नीट ऐकू तरी आला पाहिजे. दोन भोंग्यांच्या भांडणात निम्मे स्वर गळलेला, वाजवणाऱ्याच्या चुकीच्या कानानं तिखट केलेला आवाज हा बाज नाही, तो अपघात आहे, आणि अपघातालाच परंपरा म्हणण्याची घाई आपल्याकडे जरा जास्तच होते. जागा नीट लावल्यावरही आवाज आवडत नसेल, तर मात्र खुशाल युनिट बदलावं. तेव्हाचा बदल कशामुळे झाला हे निदान कळेल, आणि जुनं युनिट कोणत्या गुणासाठी जपून ठेवायचं हेही.

एवढ्यासाठी पहिल्या प्रकरणात स्पीकरच्या जाती, मॅग्नेटचं वजन किंवा वॅटचे आकडे नाहीत. ते सगळं चौथ्या प्रकरणापासून पुढे येतं. पहिल्या प्रकरणातले प्रयोग उभ्या गाडीवर, उन्हं कलल्यावर, मोकळ्या मैदानात करायचे आहेत. त्यांना सामान लागतं ते असं: डबे आणि भोंगे आहेत तिथे खुणा करायला खडू, अंतर मोजायला वीस हात दोरी, तारा तपासायला दीड व्होल्टचा एक सेल, एकच धून पुन्हा पुन्हा न कंटाळता वाजवणारा बेंजोवाला, आणि मशीनजवळ उभा राहून प्रयोग संपेपर्यंत आवाजाच्या बटणाला हात न लावणारा एक माणूस. शेवटचा मिळायला सगळ्यात अवघड आहे.